लाटेचं काय केलं

सरांनी वर्गात तो प्रश्न विचारला आणि मी वहीत जी मान घातली, ती तास संपेपर्यंत वर काढली नाही.

कोल्हापुरात एम.ए.ला होते मी तेव्हा. विषय इतिहास. आमचे सर उंच, किडकिडीत. खडू बोटांत धरून बोलायचे, पण फळ्यावर कधी अक्षर काढायचे नाहीत. त्या दिवशी ते सहलीविषयी सांगत होते. दरवर्षीसारखा पन्हाळा नको, यंदा खाली कोकणात उतरू, अलिबागजवळ नवगाव म्हणून गाव आहे तिथं जाऊ. तिथं ज्यू लोकांची फार जुनी दफनभूमी आहे. कित्येक शतकांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत त्या किनाऱ्यावर फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बाकीच्यांना तिथंच मातीत ठेवलं, अशी त्या लोकांची आठवण आहे.

"पुरावा थोडा आणि आठवण मोठी," सर म्हणाले. "इतिहासवाल्याला दोन्ही वाचता आलं पाहिजे."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. वाचलेल्या माणसांकडे ना ग्रंथ उरले होते ना भांडीकुंडी. ती कोकणातल्या गावांत राहिली, मराठी बोलायला लागली, तेलाचे घाणे चालवून पोट भरायला लागली. एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. शनिवारी घाणा बंद. म्हणून गावांनी त्यांना नाव ठेवलं, शनिवार तेली.

"आणि आपल्याकडचे सोमवारी बंद ठेवतात. बैल म्हणजे महादेवाचं वाहन, सोमवारी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही. ते सोमवार तेली." सरांनी वर्गावरून नजर फिरवली. "आहे का कुणाच्या माहितीत असं घर? घाणा अजून चालू असलेलं?"

असं एक घर होतं, आणि ते माझंच होतं. मी वहीच्या समासात फुलं काढत बसले.

हुपरी ओलांडून सीमेकडं निघालं की आमचं गाव लागतं. गावात ऊस, म्हशी आणि हुपरीच्या नादानं घरोघरी आलेलं चांदीच्या पैंजणांचं काम. घाणा एकच, आमचा. माझे वडील, म्हणजे आप्पा, सोमवारी बैलाला धुऊन, पेंड घालून, स्वतःची लिंगपूजा उरकून सोप्यात रिकामे बसायचे. रिकामं बसणं त्यांना अजिबात जमायचं नाही. मग ते चुलीपाशी जाऊन अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, स्वयंपाक शिकवायला लागायचे. अव्वा कानडीत काहीतरी पुटपुटायची. ते ऐकू येऊनसुद्धा आप्पा न ऐकल्यासारखं करायचे.

मला त्या घाण्याची लाज वाटायची. उगाच गोड बोलून उपयोग नाही, लाजच वाटायची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गृहस्थ राहायचे. सकाळी आप्पा समोर आले की ते घरात माघारी फिरायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि मग पुन्हा बाहेर पडायचे. तेली आडवा गेला की काम होत नाही म्हणे. दिवाळीला अंगाला लावायचं तेल मात्र त्यांच्या घरी आमच्याच घाण्याचं जायचं. हे मी लहानपणापासून बघत होते, आणि त्या माणसावर चिडायचं सोडून आप्पांवर चिडत होते. हॉस्टेलवर मी सांगून टाकलं होतं की वडिलांचा ऑइलचा बिझनेस आहे. ऑइल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं पेट्रोल पंप येतो. मी तो येऊ दिला.

सहलीची परवानगी काढायला घरी गेले तेव्हा घरात वेगळाच घोळ चालला होता. बैल थकला होता. दुसरा आणायचा म्हटलं तर आणणार कुणासाठी, गावात सगळे पिशवीतलं तेल खात होते. अण्णानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, हुपरीत चांदीचं काम शिकून घेतलं होतं आणि घाण्याच्या खोलीत त्याला स्वतःचा कारखाना घालायचा होता. आप्पांची त्याला हरकत नव्हती. त्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं, ते म्हणजे लाट.

ज्यांनी घाणा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत पुरलेलं मोठं दगडी उखळ असतं आणि त्यात एक जाड लाकूड तिरकं उभं असतं, बाभळीचं, माणसाहून उंच. बैल फिरला की ते लाकूड उखळात फिरतं, दाणे चिरडतात, तेल झरतं. त्या लाकडाला लाट म्हणतात. समुद्राच्या लाटेशी तिचा काडीचा संबंध नाही.

उखळ होतं तिथंच जमिनीत गाडून वर फरशी घालता येणार होती. लाटेचं काय करायचं? आप्पांच्या आजोबांनी ती घडवून घेतलेली. घरात कुणाचा चुकून पाय लागला तर हात लावून तो कपाळाला लावायची पद्धत. सुतार म्हणाला, चिरून दोन पाट करतो. हायवेवरचा एक ढाबेवाला येऊन गेला, त्याला ती दारात शोभेला उभी करायची होती. आप्पांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

"लोकं जेवून यायची आन् तिच्यावर पान थुकायची," ते म्हणाले. "त्यापरीस जाळलेली बरी. आन् जाळायला तर हात उठत न्हाय."

मी सहलीचं सांगितलं. ज्यू वगैरे शब्द त्यांच्या कानावरून गेले. पण शनिवार तेली म्हटल्यावर ते ताठ बसले.

"शनवार तेली? म्हंजे शनिदेवाचं भक्त आसणार की. त्यास्नी तेल लागतंच."

"तसं न्हवं आप्पा. त्यांचा देव निराळा हाय."

"देव निराळा आसंना. तेल त्येच हाय न्हवं?"

निघताना त्यांनी माझ्या हातात एक बाटली ठेवली. करडईचं तेल, आदल्याच दिवशी काढलेलं, तोंडाला मक्याच्या बुरकुंडाचं, म्हणजे दाणे काढलेल्या कणसाचं, बूच. शनीच्या नाहीतर ज्या कुठल्या देवाच्या दिव्यात घालायला. आणि बाटलीभोवती दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली, मी विसरू नये म्हणून.

"बाळ, येवढं इचार. त्येंचं घाणं कवाच बंद झालं आसतील. आपल्याआधी त्येंच्यावर ही येळ आली. त्येंनी काय केलं ते आपल्याला कळलं तर बरं. गावात मी कुणाला इचारू? तेल्याचं तेल्यालाच ठावं."

आप्पा कधी कुणाला काही विचारत नसत. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं की ही बाटली बॅगेत सांडली तर माझे दोन्ही ड्रेस गेले.

एसटीची लाल गाडी ठरवली होती. आंबा घाटातून उतरायचं होतं, म्हणून पहिला चहा मलकापुरात झाला. माझ्या शेजारी मुरगूडची एक मैत्रीण होती, शेतकऱ्याघरची, आवाज असा की तिनं कुजबुज केली तरी ड्रायव्हर मागं वळून बघायचा. चहा पिऊन परत आले तर ती माझ्या बॅगेत चिवडा शोधत होती आणि तिच्या हातात आप्पांची चिठ्ठी होती. तिनं ती अख्ख्या गाडीला वाचून दाखवली.

"लाटेचं काय केलं ते नक्की विचारणे." आणि मग माझ्याकडं बघून, "अगं, तुझं वडील कविता करत्यात काय?"

सगळी गाडी वाहवा करायला लागली. गलबत फुटलं, माणसं बुडाली, त्या लाटेचं काय केलं, असा सगळ्यांनी अर्थ लावला. सरसुद्धा पुढच्या सीटवरून वळून म्हणाले, "फार चांगला प्रश्न आहे. वडील काय करतात?"

"बिझनेस," मी म्हणाले.

रायगड पाहून, एक मुक्काम करून आम्ही नवगावला पोचलो. सरांनी मुद्दाम रविवार धरला होता, कारण शनिवारी त्या लोकांतलं कुणी भेटलं नसतं. माझी समजूत होती की मोठमोठे दगड असतील, काही कोरलेलं असेल. तसं फारसं काही नव्हतं. नारळाची झाडं, जवळच समुद्र, वाळूमिश्रित जमीन, एक स्मारकाचा खांब आणि मातीचे उंचवटे. एक पुरुषांचा, एक बायकांचा, असं सांगतात. उन्हानं डोळे बारीक करून आम्ही मातीकडं बघत उभे राहिलो. मुरगूडच्या मैत्रिणीनं खाली वाकून सवयीनं जमिनीला हात लावला आणि छातीला लावला. तिचं बघून एकेकानं तसंच केलं. सर बोलायला लागले होते, ते थांबले.

ती जागा आम्हाला दाखवली एका म्हाताऱ्या माणसानं. त्याच लोकांतले, जवळच्याच एका गावात राहणारे. धोतर, सदरा, डोक्याला काळी टोपी, आणि मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. मी ज्यू माणूस पहिल्यांदाच बघत होते आणि तो आमच्या गावच्या देवळातल्या पंचांसारखा दिसत होता, याचं मला फार नवल वाटलं. जेवायला त्यांनी आम्हाला आपल्याच घरी नेलं. कौलारू घर, मागं परस. दारातून आत जाताना त्यांनी चौकटीला बोटं लावली आणि ती ओठांना लावली. चौकटीवर तिरपी ठोकलेली एक लहानशी डबी होती. तिच्यात देवाची वचनं असतात, असं सरांनी हळूच सांगितलं.

परसात नारळाखाली एक लांब काळं लाकूड आडवं पडलं होतं. पोरांनी त्याच्यावरची झावळी बाजूला केली आणि ओळीनं बसून भाकरी-चटणीच्या पुरचुंड्या सोडल्या.

मला ते दुरूनच कळलं. एक टोक घासून घासून गोल झालेलं, त्यावरची काळी चकाकी, मधोमध खुंटीचं भोक. इतकी वर्षं पावसात पडूनही लाकूड तेल प्यायलेलंच दिसत होतं. ती लाट होती. आणि तिच्यावर दोन्हीकडं पाय सोडून मुरगूडची बया बसली होती.

"बस की गं. का उभीच?"

"पाय अवघडल्यात गाडीत बसून."

मी उभ्यानंच भाकरी खाल्ली. एका शब्दानं सगळ्यांना उठवता आलं असतं. पण तो शब्द बोलले असते तर तुला कसं ठाऊक, हा पुढचा प्रश्न आला असता. त्या म्हाताऱ्या बाबांनी पाण्याचा तांब्या आणला, बसलेल्यांकडं पाहिलं, मग एकटीच उभी असलेल्या माझ्याकडं पाहिलं. दारात त्यांची सून उभी होती, कडेवर मूल.

सगळे गाडीकडं निघाल्यावर मी मागं राहिले. बाटली पदराखाली म्हणतात तशी ओढणीखाली धरली होती. चिठ्ठी काढून टाकली होती. बाबांच्या हातात बाटली ठेवून म्हणाले, "दिव्यासाठी आहे."

त्यांनी बूच काढलं, एक थेंब तळहातावर घेतला, दुसऱ्या हाताच्या बोटानं चोळला आणि नाकाशी नेला. आप्पा अगदी तसंच करायचे.

"घाण्याचं आहे," ते म्हणाले. "बैलाच्या घाण्याचं. किती वर्षांनी! कुणाचा घाणा, पोरी?"

गाडीनं हॉर्न दिला. मुरगूडची बया माझ्या नावानं हाका मारत परसाच्या कोपऱ्यापर्यंत आली होती.

"ठाऊक नाही," मी म्हणाले. "बाजारातनं आणलंय."

त्यांनी त्या मक्याच्या बुचाकडं पाहिलं. असलं बूच बाजारात मिळत नाही, हे त्यांना कळलं असणार. मलाही ते त्याच क्षणी कळलं.

"बरं," ते म्हणाले. "शुक्रवारी संध्याकाळी आमचा शनिवार लागतो, तेव्हा दिव्याला घालीन. ज्यांचा घाणा असेल त्यांना सांगा, तेल चांगलं आहे."

ते आणखी काही बोलणार होते, असं मला तेव्हाही वाटलं होतं. पण मी धावत सुटले.

घरी पोचले तो सोमवार. आप्पा रिकामेच होते. सोप्यात बसून बैलाच्या घुंगरांचं पितळ चिंचेनं घासत होते. माझी बॅग खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, "इचारलंस?"

"व्हय."

"मग? काय केलं त्येंनी लाटेचं?"

काय सांगणार होते मी? परसात पडलीय, झावळ्या टाकल्यात वर, आणि आमच्या पोरांनी तिच्यावर बसून चटणी-भाकरी खाल्ली? अंगणात कोवळं ऊन होतं. आप्पांनी हातातलं काम थांबवलं होतं आणि माझ्या तोंडाकडं बघत होते. आयुष्यात त्यांनी माझ्याकडं मागितलेली ती एकच गोष्ट.

"उंबरा केला," मी म्हणाले. ते कुठून आलं देव जाणे. "घराला उंबरा केला तिचा."

"उंबरा?" ते विचारात पडले. "येता-जाता पाय लागंल की गं."

"उंबऱ्यावर पाय देत न्हाईत आप्पा, वलांडत्यात. आन् ती मानसं तर दारातनं जाताना चौकटीला हात लावून बोटं व्हटाला लावत्यात. मी डोळ्यानं बघितलं."

एवढं एक खरं होतं. त्याच्या जोरावर बाकीचंही खपून गेलं.

आप्पा स्वयंपाकघराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "ऐकलं काय गं? उंबरा केला म्हणं त्येंनी!" मी पाणी प्यायचं निमित्त काढून आत पळाले. तेल चांगलं आहे, हा निरोपही मी दिला नाही. तो दिला असता तर मग तू काय म्हणालीस, असं त्यांनी विचारलं असतं.

पंधरा दिवसांत सुतार आला. लाट वरून सपाट करून घेतली, एका टोकाची गोलाई आप्पांनी हट्टानं तशीच ठेवायला लावली. त्यामुळं आमचा उंबरा भिंतीच्या कडेला थोडा बाहेर आला आणि येणारा प्रत्येक पाहुणा पहिल्यांदा तिथं ठेचकाळायचा. आप्पांना तेवढंच निमित्त पुरायचं. "दमानं, पावणं. लाट हाय ती," असं म्हणून ते सगळी हकिगत सांगत. समुद्रापल्याडून आलेले तेली, त्यांचं फुटलेलं गलबत, त्यांचा शनिवार आणि त्यांचा उंबरा. रोज सकाळी बाहेर पडताना ते चौकटीला बोटं लावून ओठांना लावायचे. अव्वा हसायची, मग तीही लावायला लागली. गल्लीच्या तोंडाचे ते गृहस्थ शेवटी शेवटी आमच्या सोप्यात येऊन बसायचे आणि परत जाताना चौकटीला हात लावायचे. ते बघून मला हसावं की रडावं कळायचं नाही.

आप्पांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांना मी खरं सांगितलं नाही. अनेकदा जिभेवर आलं, पण उंबऱ्याशी बसून गोष्ट सांगणारा तो माणूस इतका सुखात दिसायचा, की माझ्यानं होत नसे. मी मात्र इतिहास शिकवायला लागले होते. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, असं मुलांना बजावत होते.

मग यंदा माझ्याच एका विद्यार्थिनीचा प्रोजेक्ट टेबलावर आला. आमच्या शेजारच्या गावची मुलगी. तिला माझं माहेर ठाऊक नव्हतं. सीमाभागातल्या लोकरूढी असा विषय. तिच्या गावात दोन घरांच्या दारांना घाण्याच्या लाटेचे उंबरे होते. म्हाताऱ्यांना विचारून तिनं लिहिलं होतं की ही प्रथा कोकणातल्या ज्यू तेल्यांकडून प्राचीन काळी इकडं आली असावी. अक्षर सुंदर होतं. मी हातात लाल पेन धरून बसून राहिले. आप्पांच्या गोष्टीनं आणखी दोन लाटा चुलीतून वाचवल्या होत्या, याचा आनंद झाला, आणि त्याच वेळी आपण काय करून ठेवलंय तेही दिसलं.

"मॅडम, संदर्भ कमी पडतोय का?" मुलीनं विचारलं.

"पडतोय. आपण जाऊन विचारून येऊ," मी म्हणाले.

आणि या हिवाळ्यात मी माझ्या मुलांना घेऊन नवगावला गेले. पुन्हा रविवारच. मलकापुरात चहा तसाच गोड होता. मातीचे उंचवटे तसेच होते, फक्त मुलांचे मोबाईल सगळीकडं वर झालेले. त्या बाबांचं घर शोधायला मला फारसं विचारावं लागलं नाही. कौलं जाऊन वर पत्रा आला होता. दारात एक पांढऱ्या केसांच्या बाई तांदूळ निवडत होत्या. कडेवर मूल घेऊन उभी असलेली ती सून. बाकी सगळे इस्राएलला गेले, मुलगासुद्धा, म्हणाल्या. त्यांना तिकडचं ऊन मानवत नाही, म्हणून त्या इथंच राहिल्या होत्या.

मुलं सोप्यात दाटीवाटीनं बसली. ती विद्यार्थिनी वही उघडून माझ्याशेजारी. आणि मी आप्पांचा प्रश्न विचारला, इतक्या वर्षांनी, त्यांच्याच शब्दांत.

"लाटेचं काय केलं?"

मागं एक पोरगा दुसऱ्याला कुजबुजला, की मॅडम त्सुनामीचं विचारत असतील. बाई मात्र एकदम वर बघायला लागल्या.

"आमच्या घाण्याची लाट? तुम्हाला कसं ठाऊक? ती तर परसात असायची."

"नारळाखाली. मी पाहिली होती. कॉलेजात असताना आले होते."

"आता नाही ती." बाईंनी सूप बाजूला ठेवलं. "मामंजींचा फार जीव होता तिच्यावर. म्हणायचे, हिचं काय करावं ते एखाद्या तेल्यालाच विचारायला पाहिजे, आणि आपल्यात आता घाणेवाला कुणी उरला नाही. एकदा एक पोरगी त्यांना घाण्याचं तेल देऊन गेली. मक्याचं बूच होतं बघा बाटलीला. ती बाटली त्यांनी पुष्कळ दिवस पुरवली, दर शुक्रवारी थेंब थेंब घालून. म्हणायचे, पोरगी तेल्याचीच होती, सगळी लाटेवर बसली, ती एकटी उभी राहिली. बाप येईल बघ तिचा एखादे दिवशी. त्याला विचारू. कुणी दार वाजवलं की म्हणायचे, बघ गं, तेली असेल."

"ते गेले. पुढच्या पावसात सरपण भिजलं होतं आणि आंघोळीला पाणी तापवायचं होतं. मीच फोडायला लावली. आठवडाभर जळत होती. तेल प्यालेलं लाकूड ते." त्यांनी पदरानं हात पुसले. "मामंजी असते तर मला घरात घेतलं नसतं."

दोन माणसं होती. एक इकडं, एक तिकडं, आणि दोघांनाही एकच गोष्ट विचारायची होती. मध्ये फक्त मी होते. मी नुसते 'आमचा घाणा' एवढे दोन शब्द बोलायला हवे होते.

"ते तेल माझ्या वडिलांचं," मी म्हणाले. मुलं बघत होती, त्यांना बघू दिलं. "आम्ही तेली. सोमवारचे. मी त्या दिवशी तुमच्या मामंजींना खोटं सांगितलं."

बाईंनी माझा हात हातात घेतला. थोड्या वेळानं विचारलं, "मग तुमच्या वडिलांनी काय केलं त्यांच्या लाटेचं?"

"उंबरा केला."

"उंबरा!" त्या कितीतरी वेळ आपल्या दाराकडं बघत राहिल्या. तिथं सिमेंटची पट्टी होती. "मामंजींना किती आवडलं असतं. आणि सुचलं कुणाला हे?"

"मला. पण इथं सांगायचं सोडून तिथं जाऊन सांगितलं."

निघताना मी त्यांच्या चौकटीला बोटं लावली आणि ओठांना लावली. माझ्या मागून सगळ्या मुलांनी तसंच केलं. गाडीत बसल्यावर ती विद्यार्थिनी वही घेऊन जवळ आली. बिचारी गोंधळली होती.

"मॅडम, मग ती प्राचीन प्रथा मी खोडू का?"

"खोड."

"मग काय लिहू? कुणी सुरू केली?"

"लिही," मी म्हणाले, "एका तेल्याच्या मुलीनं."